बोजा चढला, बॅटरी उतरली : 'चार्ज' नावाच्या शब्दाची गाडी

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. पीककर्जासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. खिडकीवरचा मुलगा सातबारा बघून त्यांना म्हणाला, "काका, तुमच्या गटावर सोसायटीचा चार्ज दिसतोय. तो आधी क्लिअर करून आणा."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून शांतपणे मोबाइल काढला, हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाले, "हाय की. साठ टक्के हाय."

मुलगा हसला, रांगेतले हसले, मीही हसलो. घरी येताना एसटीत मात्र वाटायला लागलं, यात अण्णांचं चुकलं कुठं? त्याच दिवशी सकाळी चावडीला कुलूप होतं, कारण तलाठी साहेबांकडं शेजारच्या सज्जाचा 'ॲडिशनल चार्ज' होता. स्टँडवर घेतलेल्या पेपरात कुणावर तरी 'चार्जशीट' दाखल झालं होतं. पुढच्या सीटवरचा पोरगा 'चार्जर आहे का' म्हणून विचारत होता. शेजारच्या बाईंच्या नातवाला दवाखान्यातून 'डिस्चार्ज' मिळाला होता आणि दवाखान्यानं 'चार्ज' फार लावला म्हणून त्या कुरकुरत होत्या. माणसानं कुठला चार्ज कुठं लावायचा?

गंमत अशी की हे सगळे शब्द दिसायला सारखे आणि मुळात निराळे, असं नाही. शब्द एकच आहे. तो निघाला एका गाडीतून, आणि ती गाडी आमच्याकडं अजून चालते.

आमचं गाव धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात. दिवाळीच्या मागंपुढं निम्मं गाव कोयते बांधून ऊसतोडीला कारखान्याकडं निघतं. लहानपणी मीही एक हंगाम फडावर काढलाय. तिथं गाडी भरणं ही एक कलाच असते. बाई डोक्यावरून मोळी आणते, गडी ती वर घेऊन रचतो. ओझं पुढं जास्त झालं तर बैलांच्या माना दबतात. मागं जास्त झालं तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात. म्हणून रचणारा दर चार मोळ्यांनी खाली उतरून बघतो, पुन्हा चढतो. शेवटी दोर आवळला की झालं. आता ती गाडी काट्यावर जाऊन रिकामी होईपर्यंत त्या ओझ्याची जबाबदारी बैलांची आणि गाडीवानाची.

अशी गाडी भरण्याला जुन्या लॅटिनमध्ये 'कार्रिकारे' म्हणत. 'कार्रुस' म्हणजे गाडा. हा शब्दही रोमनांचा स्वतःचा नव्हता, तो त्यांनी गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून घेतला होता. लॅटिनमधून क्रियापद जुन्या फ्रेंचमध्ये गेलं आणि १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर ते इंग्रजीत उतरलं. तोच 'चार्ज'. 'कार' त्याच कार्रुसची, 'कॅरी' त्याच घरातला, आणि जहाजातला 'कार्गो' स्पॅनिशमार्गे आलेला त्याचा भाऊ. व्यंगचित्राला 'कॅरिकेचर' म्हणतात तेही यातलंच. इटालियनमध्ये 'कारिकारे' म्हणजे लादणे. नेत्याच्या नाकावर प्रमाणाबाहेर ओझं लादलं की झालं व्यंगचित्र.

म्हणजे चार्जचा मूळ अर्थ ओझं ठेवणं. पुढं काय बदलत गेलं, तर ओझं कशाचं, ते कुणाच्या खांद्यावर, आणि ते उतरवायचं कसं. कुठंही हा शब्द अडला की एवढं विचारून बघायचं.

अण्णांच्या सातबाऱ्यापासूनच बघू. खिडकीवरचा मुलगा ज्याला चार्ज म्हणत होता, त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'बोजा' म्हणतो. आपली क्रियापदंही बघा, बोजा 'चढतो' आणि 'उतरवावा' लागतो. गाडीचीच भाषा. लॅटिन न शिकता आपल्या लोकांनी नेमका तोच शब्द धरला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

कायद्यात बोजा आणि गहाण यांत फरक आहे, आणि तो भल्याभल्यांच्या लक्षात नसतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाची व्याख्या ५८ व्या कलमात आहे, बोजाची १०० व्या. गहाण ठेवताना मालमत्तेतला काही हक्क तेवढ्यापुरता सावकाराकडं किंवा बँकेकडं जातो. बोजात हक्क कुठंच जात नाही. जमीन पूर्णपणे तुमचीच, फक्त अमुक एवढी रक्कम या जमिनीतून वसूल होऊ शकते, असं तिच्यावर ठेवलेलं असतं. गाडी तुमची, बैल तुमचे, पण माल दुसऱ्याचा लादलेला. गावच्या सोसायटीतून कर्ज घेताना आपण जे लिहून देतो, त्यातून १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ४८ व्या कलमाखाली असाच बोजा तयार होतो. त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात येते.

ती नोंद कशासाठी? तर उद्या तुम्ही जमीन विकायला काढली तर घेणाऱ्यानं 'मला माहीतच नव्हतं' म्हणू नये. पैसे मोजून, बोजाची कल्पना नसताना जमीन घेणाऱ्याला १०० वं कलम संरक्षण देतं. म्हणून बोजा लपून राहणं देणाऱ्याला परवडत नाही, तो सगळ्यांना दिसेल असा कागदावर चढवावा लागतो. आणि कर्ज फिटलं तरी तो आपोआप उतरत नाही! सोसायटीकडून बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायचा, तो तलाठ्याकडं द्यायचा, फेरफार धरला जाणार, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करणार, मग रकाना मोकळा. अण्णांचं घोडं इथंच अडलंय. कर्ज कधीच फेडलंय. कागदावरची गाडी मात्र भरलेलीच उभी आहे.

आता तो तलाठी साहेबांचा चार्ज. इथलं ओझं कामाचं. मराठीत 'पदभार' म्हणतो त्यात भार आहेच, 'कार्यभार' मध्येही आहे. ज्याच्या खांद्यावर ओझं तो 'प्रभारी', इंग्रजीत इन्चार्ज. पूर्वी चार्ज देणं-घेणं हे खरोखरच वजनाचं काम होतं. दप्तर, किल्ल्या, शिक्के, कपाटातल्या वस्तू मोजून यादीवर दोघांच्या सह्या. आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य आणि कारभार उर्दूत, तेव्हा या देवघेवीला 'जायजा' म्हणत. हैदराबादच्या उर्दू पेपरात आजही नवा अधिकारी पदाचा 'जायजा' घेतो. जायजा म्हणजे तपासून, पारखून घेणं. तिथं भर आहे काय मिळालं ते मोजून घेण्यावर, इंग्रजीत भर आहे ते वाहण्यावर. मला विचाराल तर जायजा जास्त प्रामाणिक वाटतो. 'अतिरिक्त पदभार' म्हणजे व्यवहारात काय, तर दोन गाड्या आणि एकच बैलजोडी. एक गाडी उभीच राहणार.

पैशांचा चार्ज लवकर उरकता येतो. कुणावर तरी खर्चाचं ओझं टाकलं, तोच चार्ज. पण वीजबिल उघडून बघा. तिथं चार्जला 'आकार' म्हणतात, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. हा आकार म्हणजे घडण किंवा चेहरामोहरा नव्हे, 'आकारणी'तला आकार. जमिनीच्या साऱ्यालाही सातबाऱ्यावर आकारच म्हणत आले. म्हणजे एका सातबाऱ्यावर चार्ज दोनदा येतो, सरकारचा तो 'आकार' आणि सोसायटीचा तो 'बोजा'. स्थिर आकार हा महिनाभर दिवा लावला नाही तरी द्यावा लागतो, कारण तुमच्यासाठी खांब, तार, डीपी उभी ठेवलेली असते. वहन आकार म्हणजे वीज तारांवरून तुमच्या दारापर्यंत आणून टाकण्याचं गाडीभाडं. त्याच बिलावर 'मंजूर भार' असतो. तो चार्ज नव्हे, लोड. घरातली उपकरणं एका वेळी किती वीज ओढू शकतील त्याचा आकडा. भारनियमन होतं ते या भाराचं.

चार्जशीटकडं जरा सावकाश बघू, कारण या शब्दापायी पारावर रोज एखाद्याला फाशी होते. 'चार्जशीट दाखल झालं ना, मग गुन्हा सिद्ध झाला', असं बिनदिक्कत बोलतात. तसं नसतं. फिर्याद नोंदली जाते तो एफआयआर, तिथं गाडी नुसती जुंपली. मग पोलिस तपास करतात, जबाब, पंचनामे, अहवाल गोळा करतात आणि कोर्टात नेऊन देतात, ते चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र. म्हणजे पोलिसांनी गाडी भरून आणली. अजून कोर्टानं काही म्हटलेलं नाही. कोर्ट ती तपासतं. माल तोकडा वाटला, खटला चालवण्याइतकंही काही दिसलं नाही, तर आरोपीला 'डिस्चार्ज' मिळतो, म्हणजे दोषमुक्ती. आणि दम दिसला तर कोर्ट 'चार्ज फ्रेम' करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी तुम्ही हे केलं असा आरोप आहे, कबूल आहे का, असं आरोपीला विचारलं जातं. त्यानं नाही म्हटलं की पुरावे, उलटतपासणी, युक्तिवाद आणि मग निकाल. म्हणून 'दोषमुक्त' आणि 'निर्दोष मुक्त' यांत फरक आहे. पहिल्यात गाडी रस्त्याला लागायच्या आतच रिकामी केली, दुसऱ्यात पूर्ण वाट चालून काट्यावर वजन भरलं नाही.

याला वेळेचंही बंधन आहे. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्हा फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं नि त्याहून जास्त शिक्षेचा असेल तर ९० दिवसांत, बाकीच्यांत ६० दिवसांत चार्जशीट आलं नाही, तर जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. त्यामुळं पेपरात 'जामीन मिळाला' वाचलं की लगेच 'सुटला' म्हणू नये.

लाठीचार्जबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बंदुकीत, तोफेत दारू ठासण्याला चार्ज म्हणत, भाला रोखून धरण्यालाही म्हणत, तिथून 'तुटून पडणं' हा अर्थ आला. मराठी पेपर त्याला लाठीमार म्हणतात आणि पुढं 'सौम्य' लावतात. तो सौम्य कुणाला वाटला ते मार खाणाऱ्याला विचारून छापत नसावेत.

पण तोफेतली ती दारू महत्त्वाची, कारण विजेतला चार्ज त्याच वाटेनं आला. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात एक काचेची बरणी तयार झाली, पुढं तिला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावायला लागले. घर्षणानं तयार केलेली वीज तिच्यात साठवता यायची आणि हात लावला की सणसणीत झटका बसायचा. बंदूक भरावी तशी ही बरणी 'भरायची' आणि 'झाडायची', म्हणून चार्ज आणि डिस्चार्ज. अशा बऱ्याच बरण्या एकत्र जोडल्यावर अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं त्यांना 'बॅटरी' म्हटलं. बॅटरी म्हणजे तोफांचा ताफा. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये तोफखान्याचे दोन शब्द बसलेत, हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी मोबाइल जरा जपूनच खिशात ठेवला.

विजेत धन आणि ऋण ही भाषाही फ्रँकलिनचीच, १७४७ च्या पत्रांतली. त्याला वाटलं, वीज हा एक प्रवाही पदार्थ आहे. जास्त असला की धन, कमी पडला की ऋण. जमा-खर्चाची भाषा. पुढं १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला आणि तो निघाला ऋण. म्हणजे तारेतून खरोखर जे सरकतं ते फ्रँकलिनच्या खतावणीत उलट्या बाजूला पडलेलं होतं. पण तोवर सगळी पुस्तकं छापून झालेली. आजही शाळेत विद्युतधारेची दिशा धनाकडून ऋणाकडं दाखवतात आणि इलेक्ट्रॉन उलटे जातात. पोरांचा यात गोंधळ होतो, त्यात पोरांची चूक नाही.

या चार्जला आपल्या पाठ्यपुस्तकात 'विद्युतप्रभार' म्हणतात. पुन्हा भार! उर्दूत 'बर्की बार'. फारसी 'बार' आणि संस्कृत 'भार' हे एकाच आजोबाचे नातू, इंग्रजीतलं 'बर्डन' ही लांबची नात. हिंदीवाल्यांनी मात्र 'आवेश' घेतला. मराठी माणसाला आवेश म्हटलं की सभेतलं भाषण आठवतं, इलेक्ट्रॉन नाही. आपल्या शब्दातही एक खोडा आहे. पुतणीनं नववीच्या वहीत 'प्रभारी कण' लिहिलं होतं. पाहिजे 'प्रभारित कण'. प्रभारी म्हटलं की तो कण तहसीलदाराच्या खुर्चीत जाऊन बसतो.

बाकी ठिकाणी ओझं ठेवता-उतरवता येतं. या चार्जचं तसं नाही. इलेक्ट्रॉनवर प्रभार कुणी ठेवलेला नाही आणि तो उतरवता येत नाही. तो त्याचा गुणच. सगळ्या इलेक्ट्रॉनांवर तो अगदी सारखा असतो आणि इतका बारीक, की १ कुलोम प्रभार व्हायला साधारण ६२४ वर सोळा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन लागतात.

मग 'मोबाइल चार्ज व्हायलाय' म्हणतो तेव्हा आत काय भरतं? प्रभार भरत नाही. बॅटरीच्या एका टोकातून जेवढा आत जातो तेवढाच दुसऱ्यातून बाहेर येतो, गोळाबेरीज शून्यच. लिथियमच्या बॅटरीत दोन बाजू असतात. चार्जर लावला की लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडं जातात, जिथं त्यांना मनानं राहायचं नसतं. हे धारूरच्या घाटासारखं आहे. घाटाखालचे दगड गाडीत घालून घाटावर नेऊन ठेवायचे. दगड तेवढेच राहिले, पण वर नेताना लावलेला जोर त्यांच्यात साठला. मोबाइल वापरताना ते दगड एकेक करून खाली येतात आणि येताना काम करून देतात. सगळे खाली आले की आपण म्हणतो, 'बॅटरी उतरली'. वैज्ञानिकांनी याहून नेमका शब्द शोधून दाखवावा.

बॅटरीवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे मिलिअँपिअर-तास. तो आकडा प्रभाराचाच, पण साठलेल्या नव्हे, एका खेपेत एका टोकाकडून दुसरीकडं फिरवता येणाऱ्या प्रभाराचा. १ एमएएच म्हणजे ३.६ कुलोम, तेव्हा ५००० म्हणजे १८,००० कुलोम. बॅटरी जुनी झाली की गाडी तीच राहते, तिच्यात मावणाऱ्या मोळ्या कमी होतात.

हा प्रभार फक्त तारेत आणि मोबाइलमध्ये असतो असं वाटत असेल, तर आमच्या आजीच्या रांजणापाशी चला. उन्हाळ्यात टँकरचं पाणी गढूळ यायचं. आजी तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात सात-आठ वेळा फिरवायची, वर ताट झाकायची आणि सांगायची, "हात लावायचा न्हाई, निवू द्या." तासाभरानं वरचं पाणी नितळ आणि तळाला गाळाचा थर. नुसतं ठेवलेलं पाणी दोन दिवस तसंच गढूळ राहायचं. कारण मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण एकत्र येत नाहीत आणि एकेकटे इतके हलके की तळाला बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तिप्पट धन प्रभार असतो. तो पाण्यात गेला की कणांचा ऋण प्रभार मारला जातो, कण एकमेकांना चिकटतात, ॲल्युमिनियमचा बुळबुळीत साका त्यांना आणखी गोळा करतो, आणि जड झालेला गाळ खाली बसतो. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात हेच मोठ्या हौदात करतात. आजीला प्रभार माहीत नव्हता, पण खडा किती वेळा फिरवायचा ते बरोबर माहीत होतं.

हाच ऋण प्रभार आमच्या काळ्या रानाची श्रीमंती आहे. काळ्या मातीतली चिकणमाती ही पापुद्र्यांची बनलेली. तिच्या घडणीत कुठं सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम, कुठं ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. चार धन प्रभाराच्या जागी तीनवाला, तीनच्या जागी दोनवाला. प्रत्येक ठिकाणी एकेक धन कमी पडतो, म्हणून पापुद्र्यावर ऋण शिल्लक राहतं. त्या ऋणाला कॅल्शियम, पोटॅश, अमोनियम असे धन प्रभाराचे अन्नकण चिकटून राहतात आणि मुळं ते हवे तसे उचलतात. मुरमाड रानात ही पकड फार कमी, म्हणून तिथं खत 'टिकत नाही'.

युरियाचं गणित इथंच सुटतं. युरियावर स्वतःचा प्रभार नसतो. मातीत काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो, धन प्रभाराचा, तो मातीला धरून राहतो. पुढं मातीतले जिवाणू त्याचा नायट्रेट करतात आणि त्यावर ऋण प्रभार असतो. आता माती ऋण आणि नायट्रेटही ऋण, दोघांचं जमत नाही. जोराचा पाऊस आला की नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघून जातं, मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून कृषी सहायक सांगतात, युरिया एकदाच टाकू नका, हप्त्यानं द्या. शेजारचे आबा म्हणतात, 'औंदा युरियाच बोगस आला'. दर वेळी तो बोगस नसतो.

आता पाणी. 'रिचार्ज' म्हटलं की पोरांना महिन्याचा प्लॅन आठवतो, पण मराठवाड्यात खरा रिचार्ज जमिनीखालचा, पुनर्भरण. आपल्याखाली काळा पाषाण आहे, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, फटी-भेगांत आणि बारीक छिद्रांच्या मांजऱ्या खडकाच्या कुजलेल्या थरात. म्हणजे टाकी लहान आणि तीही तुकड्या-तुकड्यांची. विहीर वरच्या थरातलं पाणी घेते, ते एका चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरतं. सातशे फुटी बोअर खोल भेगांतलं उपसतं, तिथं पाणी पोचायला किती पावसाळे लागतील ते भेगांवर. मोबाइलचा रिचार्ज पैसे भरले की होतो, बोअरला पैसे फक्त खोल जायला लागतात. छताचं पाणी गाळून विहिरीत सोडलं तर हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. हंगामात ६०० मिलिमीटर पडला तर ६०,००० लिटर, थोडं वाया जाईल ते सोडून.

आणि उलट दिशेचा 'डिस्चार्ज', धरणाचा 'विसर्ग'. पावसाळ्यात पैठणच्या नाथसागराची २७ दारं उघडली की बातमीत क्युसेकचे आकडे येतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. विसर्ग १ लाख क्युसेक झाला तर सेकंदाला २८ लाख लिटर गोदावरीत. आता २०१६ चा एप्रिल आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. नाथसागरातून तेवढं पाणी सेकंदाच्या पाचव्या भागात निघून जातं. पण लातूरच्या स्टेशनावर लोक त्या वाघिणी बघायला उभे होते. गाडा भरला, ओढत आणला, रिकामा केला. कार्रिकारे म्हणतात ते हेच.

विसर्ग हा शब्द मात्र आपलाच जुना. दवाखान्यातल्या डिस्चार्जला आपण 'घरी सोडलं' म्हणतो, जखमेतल्या डिस्चार्जला 'पू आला' म्हणतो, आणि 'दुःख' मधले दोन ठिपके हाही विसर्गच. एका शब्दावर दहा ओझी टाकायची खोड फक्त इंग्रजीला आहे, असं कुणी समजू नये.

परवा सोमवारी अण्णा सोसायटीची बेबाकी घेऊन पुन्हा चावडीवर गेले. कुलूप. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, चार्ज आता तिसऱ्याच साहेबांकडं गेलाय, ते गुरुवारी येतात, नंबर घ्या. अण्णांनी नंबर कागदावर लिहून घेतला, फोन लावायला खिशात हात घातला, तर मोबाइल बंद.

संध्याकाळी ओसरीवर बसून मला सांगायला लागले, "बोजा हाय तसाच. त्येंचा चार्ज दुसऱ्याकडं. आन्‌ ह्येचा चार्ज गेला. तिन्ही एकदाच." मग उठले, मोबाइल दिवळीत ठेवला, पिन खोचली आणि खालीवर करून बघितली.

लाइन गेलेली होती.